सविस्तर चर्चा करा

कादंबरीच्या दृष्टीनं आमचं गाव फार मोक्याच्या जागी आहे. कागदोपत्री गडमुडशिंगी, बोलताना नुसतं मुडशिंगी. गावातून कागलकडं गेलं की आनंद यादव. त्यांच्या ‘झोंबी’ला 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पूर्वेला पट्टणकोडोली, म्हणजे ‘टारफुला’वाले शंकर पाटील. खाली आजऱ्याला ‘मृत्युंजय’वाले शिवाजी सावंत आणि त्याच्याही पुढं कोवाडला ‘स्वामी’वाले रणजित देसाई. पलीकडं कोल्हापुरात तर साक्षात वि. स. खांडेकर राहून गेले. 1974 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. सांगायचा मुद्दा, मुडशिंगीतून पायात चप्पल घालून कुठल्याही दिशेला निघालात तरी तुमची गाठ एखाद्या कादंबरीकाराशी पडणार.

अशा मुलखात बी.ए.ला मराठी घेतलेल्या पोरांना अभ्यासाला कुठली कादंबरी लागावी? आमच्या वर्षी लागली ‘रागिणी’. वामन मल्हार जोशी यांची, 1915 सालची.

पूर्ण नाव ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’. त्यातला ‘विनोद’ बघून आमच्यातला एक जण वर्गातच सुखावला आणि “सुटलो” म्हणाला. त्या पेपरच्या संदर्भात हा शब्द त्यानं पुन्हा उच्चारला तो थेट परीक्षा संपल्यावर.

ही तत्त्वचर्चात्मक कादंबरी आहे, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा त्याचं गांभीर्य लक्षात आलं नाही. तत्त्वचर्चात्मक म्हणजे काय, तर पात्रं एके ठिकाणी बसतात आणि बोलतात. स्त्रियांनी किती शिकावं, शिकून काय करावं, लग्न हे कर्तव्य की करार, नीती माणसाला वरून मिळते की आतून येते. बोलून दमली की आता काहीतरी घडेल अशी आपल्याला आशा वाटते. तोवर त्यांचा दम परत आलेला असतो.

सर सज्जन होते. “सुरुवातीची थोडी प्रकरणं नेटानं वाचा, मग गोडी लागते,” असं ते म्हणत. हे वाक्य प्रत्येक अभिजात पुस्तकाबद्दल कुणीतरी म्हटलेलं असतं आणि त्यातल्या ‘थोडी’चा आकडा कुणीच सांगत नाही. आमच्यातले जे नेट लावून पुढं सरकले त्यांनी मधूनमधून कळवलं की अजून लागलेली नाही.

तक्रार करण्याआधी घराणं बघावं म्हणून मी वाङ्मयाचा इतिहास उघडला. मराठीतली पहिली कादंबरी 1857 सालची, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. तिचं उरलेलं नाव ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. कादंबरी जन्माला आली तीच निरूपण करत. पुढं 1861 साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि 1871 साली गुंजीकरांची ‘मोचनगड’. ह्यांनी अद्भुत घटना आणल्या, किल्ले आणले, तलवारी आणल्या. म्हणजे मराठी कादंबरीची दोन घराणी पहिल्यापासूनच पडली. एक बसून बोलणारं आणि दुसरं उठून पळणारं. अभ्यासक्रमात बहुतेक वेळा बसणारं घराणं येतं आणि त्यात अन्याय काही नाही. पळणाऱ्या कादंबरीच्या मागं पोरं आपणहून पळतात, तिला नेमायची गरजच काय? जे पुस्तक पोरगं उभ्या जन्मात हातात घेणार नाही, तेच नेमावं लागतं. ह्या निकषावर ‘रागिणी’ची निवड बिनचूक होती.

पुस्तक मिळवणं हे पहिलं प्रकरण. ग्रंथालयात प्रती मोजक्या, आणि त्यांतली माझ्या वाट्याला आली ती जुन्या बाइंडिंगची. तिच्या समासात आधीच्या तुकड्यांनी पेन्सिलीनं मार्गदर्शन करून ठेवलं होतं. “इथून चर्चा. सोडा.” त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, “सोडली. पुढंही चर्चाच आहे.” त्याच्या खाली तिसरं अक्षर, जरा थरथरतं, “शेवटपर्यंत?” ह्या तिसऱ्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. मूळ मजकुरापेक्षा समासातल्या घडामोडींना वेग जास्त होता.

ज्यांना प्रत मिळाली नाही त्यांनी मोबाईल काढले. वामनराव 1943 साली वारले, तेव्हा स्वामित्वहक्काची साठ वर्षं कधीच उलटून गेली होती आणि पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळत होती. पण गांधीनगरात कापडाच्या दुकानात पार्टटाइम काम करणाऱ्या आमच्या एका मित्रानं दुकानातच ‘रागिणी’ एवढं टाकून शोध घेतला. 2011 साली नावात ‘रागिणी’ असलेला एक हिंदी भुताचा सिनेमा येऊन गेला आहे आणि त्याची पोस्टरं घरच्या माणसांसमोर उघडावीत अशी नाहीत. शेठ मागंच उभे होते. “अभ्यासाला हाय,” असं त्यानं कळवळून सांगितलं. शेठनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा पोस्टरकडं पाहिलं, आणि आजकालच्या शिक्षणाबद्दल त्यांचं जे मत झालं ते झालं.

पुस्तक हाती आल्यावर ते वाचायचं कुठं? घरात वाचायला बसलं की आई भाकरी थापता थापता विचारायची, “काय वाचायलास?”

“कादंबरी.”

“काय चाललंय तिच्यात?”

“चर्चा चाललीय.”

“कशाची?”

“लग्नाची.”

आई खूश झाली. लग्नाच्या बोलण्यात कुठल्याही आईला रस असतो. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “ठरलं का?” मी म्हटलं, अजून चर्चा चालू आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, “आता तरी?” मी म्हटलं, लग्न ही मुळात गोष्ट काय आहे, ह्याच्यावर बोलतायत. आई म्हणाली, “म्हंजी द्यायघ्यायचं जमंना झालंय.” तिनं तवा उतरवला आणि विषय संपवला.

माझ्या चुलतभावानं मळ्यात वाचायचं ठरवलं. आमच्याकडं शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. उसाला पाणी पाजायला रात्री कुणीतरी जागावंच लागतं, तर जागरण आणि अभ्यास एकदम होईल, असा त्याचा हिशेब. एका सरीला पाणी लावायचं, बॅटरी कानाखाली धरून वाचायचं, सरी भरली की दार मोडून पाणी दुसऱ्या सरीला घ्यायचं. पहिल्या सरीला एक पान झालं. दुसऱ्या सरीला दोन पात्रांच्या वादात तिसरं पात्र पडलं. तिसऱ्या सरीला तो स्वतःच पडला. पहाटे शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडत आला तेव्हा आमच्या वाट्याचं पाणी त्याच्या भुईमुगात शिरून बाहेरही पडलं होतं. चुलत्यांनी पुस्तक ताब्यात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि घरात जाहीर केलं की रातच्या पाण्याला जाताना विडीकाडी नेली तरी चालेल, कादंबरी न्यायची नाही.

त्या वर्षीचं सगळ्यात मार्मिक समीक्षण मात्र दुसरीकडून आलं. आमचा एक वर्गमित्र गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. कॉलेज सुटलं की दुसरी पाळी, आणि कॉलेजची वेळ चुकली की दुसऱ्या दिवशीचं कॉलेज. त्यानं दोन प्रकरणं वाचली, ती जेवणाच्या सुट्टीत, डब्याला टेकवून. मग गंभीरपणे विचारलं, “भावा, ही माणसं कामाला कवा जात्यात?”

कुणालाच सांगता येईना. आम्ही पुस्तक मागंपुढं चाळलं. पात्रं शिकलेली होती, घरंदाज होती, विचारी होती. पण बोलता बोलता घड्याळाकडं बघून “चला, पाळीची वेळ झाली” म्हणून उठलेलं पात्र आम्हाला सापडलं नाही. फौंड्रीवाला म्हणाला, “आमच्यात हितं असलं बोलायला लागलं की सुपरवायझर म्हणतोय, साचा भर आदी.” वाङ्मयाच्या जाडजूड इतिहासात ह्याला मध्यमवर्गीय जीवनाची मर्यादा असं म्हटलेलं असतं आणि तिथपर्यंत पोहोचायला टीकाकारांना बरीच पानं लागतात.

गांधीनगरवाल्याचं मत त्याच्या धंद्यातून आलेलं होतं. दुकानात दिवसभर तागे उलगडून उलगडून त्याच्या बोटांना अक्कल आली होती. त्यानं सरांच्या प्रतीतलं एक पान अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं आणि निकाल दिला, “ह्या कापडाला खळ लई हाय. एक धुणं झालं की निम्मं ऱ्हातंय.”

सर हसले. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि आमची दातखीळ थोडी उघडली. ते म्हणाले, “अरे, ही एका बैठकीत वाचायची वस्तू नव्हे. ही आधी ‘मासिक मनोरंजन’मधून महिन्या-महिन्यानं येत होती.”

हे खरंच आहे. त्या काळातल्या बऱ्याच कादंबऱ्यांची वाट तीच. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून आठवड्या-आठवड्यानं वाचकांपुढं ठेवली. विलायतेत डिकन्सची ‘पिकविक’ 1836 पासून महिन्याच्या हप्त्यानंच आली. ‘मनोरंजन’ मित्रांचं, म्हणजे काशिनाथ रघुनाथ मित्र यांचं. 1895 साली सुरू झालेलं आणि 1909 साली मराठीत दिवाळी अंकाची चाल पाडणारं. त्याचा अंक घरात आला की तो सासऱ्यांकडून मुलाकडं, मुलाकडून सुनेकडं आणि सुनेकडून शेजारणीकडं जायचा. एका हप्त्यातली चर्चा वाचकांना महिनाभर पुरवायची होती. बाईनं आपलं म्हणणं मांडावं की नाही, हे पुस्तकातल्या बाईनं मांडलं की वाचणाऱ्या घरात सासू एकीकडं, सून दुसरीकडं. पुढचा अंक येईपर्यंत वाद पिकत राहायचा. म्हणजे कादंबरीचा अर्धा भाग छापलेला असे आणि अर्धा वाचकांच्या घरात बोलला जात असे.

आमच्यापर्यंत पोहोचला तो फक्त छापलेला अर्धा. तोही सगळे हप्ते एकत्र शिवून, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, चौदा मार्कांसाठी. महिन्याला एक तत्त्वचर्चा कुणालाही सोसेल. रात्रीत वर्षभराच्या चर्चा ऐकायला लागल्या तर ऋषीसुद्धा उठून जाईल.

मग सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती कोल्हापूरची होती. वामनराव मूळचे कोकणातल्या तळ्याचे, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर राष्ट्रीय शिक्षणानं झपाटले होते. त्यांनी समर्थ विद्यालय काढलं, तिथं वामनराव शिकवायला आले. विजापूरकरांचं ‘विश्ववृत्त’ मासिक कोल्हापुरातून निघायचं, त्याच्या संपादनाचं काम वामनरावांकडं आलं. 1908 साली त्यात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर एक लेख छापून आला. लेख पंडित सातवळेकरांचा, विषय वेद. पण सरकारला त्यात राजद्रोह दिसला. खटला झाला आणि वामनरावांना तीन वर्षांची शिक्षा झाली. लिहिलं एकानं, आत गेला संपादक. ‘रागिणी’ त्यानंतरची.

वर्गात जरा वेळ कुणी बोललं नाही. इतके दिवस आम्ही एकमेकांना “कितवं प्रकरण भोगतोयस?” असं विचारत होतो. आणि ज्याची प्रकरणं भोगत होतो तो माणूस आमच्याच शहरातल्या एका मासिकापायी खरोखरची शिक्षा भोगून आला होता.

मागच्या बाकावरून फौंड्रीवाल्याचा आवाज आला. “म्हंजी सर, कोल्हापुरानं त्यास्नी आत घालवलं, म्हणून त्यांनी कोल्हापूरच्या पोरांवर बदला काडला व्हय?”

सरांनी ह्यावर विचार केला आणि कालक्रमाच्या दृष्टीनं ही उपपत्ती शक्य आहे, असं कबूल केलं.

एवढं ऐकल्यावर मी गाइड उघडून पाहिलं. लेखकपरिचयात होतं, जन्म 1882. अध्यक्ष, साहित्य संमेलन, मडगाव, 1930. मधली तुरुंगातली तीन वर्षं गाळली होती. लेखकाच्या आयुष्यात जे काय घडलं, ते नेमकं वगळलं आणि कादंबरीतली न घडलेली प्रत्येक गोष्ट मुद्देसूद दिली, ही गाइडची कमाल. बाकी गाइड ही फार धोरणी चीज आहे. “लेखकाने मानवी मनाचे सूक्ष्म चित्रण केले आहे.” “कादंबरीत तत्कालीन समाजाचे प्रतिबिंब पडले आहे.” “शेवट वाचकाला अंतर्मुख करतो.” ही वाक्यं जगातल्या कुठल्याही कादंबरीला बसतात, फक्त मधल्या रिकाम्या जागी नाव बदलायचं. आमच्यातल्या काही जणांनी ती तोंडपाठ करून टाकली आणि हीच पुंजी पुढं मुलाखतींना, सत्कारांना आणि दोन श्रद्धांजली सभांना वापरली. कुणाला शंका आली नाही.

खरी मौज घडली ती केएमटीच्या बसमध्ये.

मुडशिंगीहून कॉलेजला जाणारी आम्ही पोरं सकाळी एकाच बसला असायचो. आमच्यात एकच मुलगी अशी होती की जिनं ‘रागिणी’ पहिल्या पानापासून नीट वाचायला घेतली होती. उरलेल्यांनी तिला गळ घातली की रोज येता-जाता गोष्ट सांग. “सांगतो की,” ती म्हणाली. “पण तुमी मदी बोलायचं न्हाई. मी वाचतो, मी सांगतो, तुमी ऐकायचं.” अट मान्य झाली आणि उचगाव यायच्या आत मोडली.

कादंबरीत दोन बायका. रागिणी मऊ, सोसणारी, नवऱ्यावर श्रद्धा ठेवून राहणारी. उत्तरा तडफदार, पटलं नाही तर तोंडावर सांगणारी, बायकांच्या हक्काबद्दल वाद घालायला कधीही तयार. सांगणाऱ्या मुलीचा कल पहिल्या दिवसापासून उत्तरेकडं होता आणि तो लपत नव्हता. गांधीनगरवाला म्हणाला, संसार म्हटल्यावर रागिणीसारखं जरा सोसायलाच लागतं. ती म्हणाली, “तू सोस की मग.” इथून आवाज चढले.

पुढच्या सीटवर भाजीची बुट्टी घेऊन एक मावशी बसायच्या. दोन-तीन दिवस त्यांनी नुसतं ऐकलं. मग एका सकाळी मागं वळल्या.

“ही उत्तरा कुटल्या गावची रं?”

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गांधीनगरवाला म्हणाला, “पुण्याकडची असंल.”

“तरीच. आनि त्यो पुरुष मानूस काय करतोय?”

“बोलतोय.”

“त्ये झालं. काम काय करतोय?”

फौंड्रीवाल्याला इतक्या दिवसांनी आपलं माणूस भेटलं. तो उठून पुढं आला. “मावशी, म्या बी ह्येच इचारतोय!”

“बोलतोय आनि बसतोय?” मावशींनी खात्री करून घेतली. “मग पोरगी बोलली तर काय चुकलं? बरोबर हाय तिचं.”

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरच्या एका आजोबांना हे पटलं नाही. ते म्हणाले, बाईमाणसानं एवढं तोंड चालवलं तर घर ऱ्हात न्हाई. मावशी म्हणाल्या, घर ऱ्हायला बाप्यानं कायतरी आणून टाकायला लागतं, नुसत्या बोलण्यानं चूल पेटत न्हाई. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, दोघांनी जरा समजुतीनं घेतलं तर कोर्टकचेरी वाचंल. कुणीतरी विचारलं, पोरं हायत का त्यास्नी? कुणीतरी सांगितलं की अशीच एक केस त्यांच्या पाहुण्यांत झाली आणि ती बाई आता स्वतःची शिलाई मशीन घेऊन बसली आहे, झकास चाललंय. बस कावळा नाक्याला आली तेव्हा उत्तरेच्या बाजूनं दोन सीटा जास्त होत्या. आजोबा उतरता उतरता म्हणाले, “उद्या ईतोच मी.”

आणि खरंच आले. पुढचे बरेच दिवस सकाळची बस ह्या दोन बायकांवर चालली. ह्या कुठल्या पुस्तकातल्या आहेत, हे सांगायची संधी आम्हाला मिळाली नाही. मिळाली असती तरी आम्ही सांगितलं नसतं. रोज रात्री आम्हाला पुस्तक उघडावं लागायचं, कारण सकाळी मावशी विचारणार, “मग? काल काय म्हनली?” आजोबांच्या बाजूनं बोलायला मुद्दा हवा म्हणून गांधीनगरवाल्यानं एक अख्खं प्रकरण वाचलं. फौंड्रीवाल्यानं फक्त पुरुषपात्रांची वाक्यं वाचायची पद्धत काढली, “काम कवा करत्यात” ह्या एकाच प्रश्नाचा छडा लावायला. समासात “सोडा” असं लिहिलेल्या जागा आम्ही मुद्दाम शोधून काढू लागलो, कारण भांडणाचा माल तिथंच होता.

तेव्हापासून माझं एक मत झालेलं आहे आणि ते मी कुठल्याही समीक्षकापुढं मांडायला तयार आहे. रंगलेली कादंबरी ही फार आपमतलबी गोष्ट असते. ती माणूस पांघरुणात एकटा वाचतो, जेवायला हाक मारली तर उठत नाही, संपली की दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. ‘मृत्युंजय’ वाचताना माझा चुलतभाऊ आठवडाभर घरात असून नसल्यासारखा होता. कंटाळवाणी कादंबरी एकट्याला झेपतच नाही. तिला माणसं लागतात. एकानं वाचावं, दुसऱ्यानं सांगावं, तिसऱ्यानं भांडावं, चौथ्यानं गाइड आणावं. वर्ग एक होतो तो कंटाळ्यावर. सर्वांना आवडलेल्या पुस्तकावर एकमेकांकडं बघून माना डोलवण्यापलीकडं काय बोलणार? सर्वांना जड गेलेल्या पुस्तकावर माणसं आयुष्यभर बोलतात.

आणि वामनरावांना तर तेच हवं होतं. त्यांना गोष्ट सांगून लोकांना झोपवायचं नव्हतं, वादाला उठवायचं होतं. शंभर वर्षांनी एका केएमटीत, एका भाजीवाल्या मावशींनी आणि एका हट्टी आजोबांनी, पुस्तकाचं नावही न ऐकता, त्यांचा तो न छापलेला अर्धा भाग भरून काढला. ह्यापेक्षा मोठं यश तत्त्वचर्चात्मक कादंबरीला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला. ‘रागिणी’वरचा प्रश्न असा होता: “‘तत्त्वचर्चेच्या अतिरेकामुळे ‘रागिणी’ रटाळ झाली आहे’, या मताची सविस्तर चर्चा करा.”

हॉलमध्ये मुडशिंगीची पोरं जिथं जिथं बसली होती तिथून एक समाधानाचा हुंकार आला. पर्यवेक्षकांनी दचकून पाहिलं.

फौंड्रीवाला एरवी अर्धा तास आधी उठायचा, दुसरी पाळी गाठायला. त्या दिवशी पहिली पुरवणी त्यानं मागितली. पात्रांच्या उपजीविकेचा प्रश्न लेखकाने अनुत्तरित ठेवला आहे, हा त्याचा मुद्दा, आता शुद्ध भाषेत. गांधीनगरवाल्यानं खळीचा दाखला जसाच्या तसा घातला आणि वर आजोबांची बाजू मांडली. सांगणाऱ्या मुलीनं ह्या दोघांचा समाचार आधीच बसमध्ये घेतलेला होता, तो तिनं फक्त उतरवून काढला. पुरवण्यांचा दोरा संपला तेव्हा शिपाई आतून नवा घेऊन आला. गाइडवाल्यांनी लिहिलं की लेखकाने मानवी मनाचे सूक्ष्म चित्रण केले आहे.

संध्याकाळच्या बसला मावशी होत्या. बुट्टी रिकामी, चेहरा उत्सुक.

“झाला का पेपर? काय आलतं?”

“चर्चा करा म्हणून आलतं, मावशी.”

“आनि त्येच्यासाठी फी भरलासा?” मावशी म्हणाल्या. “सरका तिकडं. हितं रोज तिकिटाच्या पैशात हुतीया.”